डायलवर १/२५०, फिल्मवर १/१२०: पावसाळ्यानंतर प्रेस कॅमेऱ्याच्या शटरचं दुखणं

नारळी पौर्णिमा उलटली, होड्या पुन्हा दर्यात गेल्या, की जुन्या प्रेस कॅमेऱ्यांबद्दलचे, म्हणजे वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार वापरायचे त्या मोठ्या फिल्म कॅमेऱ्यांबद्दलचे, फोन सुरू होतात. रत्नागिरी, हर्णै, मालवण, गाव कुठलंही असो, तक्रार थोड्याफार फरकाने तीच. "काका, मे महिन्यात झकास चालत होता, आता निगेटिव्ह काळीकुट्ट येतायत." नाहीतर, "१/२५० वर काढली तरी बोट हललेली येते." आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न: दुसरी लेन्स घेऊ का?

घेऊ नका. आधी शटर मोजा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यावर कोणती लेन्स लावायची हे त्या लेन्सचं शटर आज खरोखर किती वेगाने उघडतं-मिटतं यावर ठरतं. डायलवर कोरलेला आकडा कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवसाचा आहे.

आपल्याकडे हे दरवर्षी का होतं ते सरळ आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, बंदरावर काढण्यासारखं काही नाही, म्हणून कॅमेरा कपाटात जातो. बाहेर धो धो पाऊस, घरात भिंतींना ओल, हवेत मीठ. शटरमधलं जुनं ग्रीस आधीच चिकट झालेलं असतं, ते या तीन-चार महिन्यांत न हलता बसून राहतं. पोलादी पात्यांवर गंजाचे बारीक ठिपके धरतात. रोज वापरातला कॅमेरा याच हवेत बराच तग धरतो. दुखणं बसून राहण्याचं आहे.

आधी कोणतं शटर ते ठरवा

स्पीड ग्राफिक हा या जातीचा सगळ्यात प्रसिद्ध कॅमेरा. अमेरिकेत रॉचेस्टरला १९१२ पासून १९७३ पर्यंत बनत होता. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातातही तो होता. त्यात दोन शटर असतात: एक लेन्सच्या पोटात, पात्यांचं, दुसरं मागे फिल्मच्या अगदी पुढ्यात, कापडी पडद्याचं. क्राऊन ग्राफिकमध्ये मागचा पडदा नसतो, त्यामुळे तो हलकाही आहे आणि त्याची दुखणीही निम्मी. कोकणात नवीन घेणाऱ्याला मी क्राऊनच सुचवतो.

दोन शटरांचा कॅमेरा असेल तर एक गोष्ट पाठ हवी. लेन्सच्या शटरने फोटो काढायचा तर मागचा पडदा 'टी'वर, म्हणजे कायम उघडा राहणाऱ्या खुणेवर, पाहिजे. पडद्याने काढायचा तर लेन्सचं शटर उघडं धरलेलं पाहिजे. निगेटिव्ह कोरी पारदर्शक आली, तर नव्वद टक्के वेळा यातलं एक राहून गेलेलं असतं. त्यासाठी कॅमेरा खोलायची गरज नाही.

निगेटिव्ह काय सांगते

सगळ्याच निगेटिव्ह, सगळ्याच स्पीडला, सारख्या दाट, म्हणजे काळ्या, येत असतील तर शटरला दोष देण्याआधी डेव्हलपरचं तापमान बघा. डब्यावरची वेळ बहुधा २० अंशांसाठी दिलेली असते आणि आपल्या नळाचं पाणी ऑक्टोबरात २८-२९ अंशांवर सहज असतं. ओळखायची खूण सावलीत आहे. होडीच्या बुडाखालची, जाळ्याच्या ढिगाआडची काळोखी जागा निगेटिव्हवर जवळपास पारदर्शक आणि आकाश, फेस मात्र ठार काळे, तर डेव्हलपिंग जास्त झालंय. सावलीतसुद्धा भरपूर दाटपणा आहे आणि सगळंच वर उचललं गेलंय, तर प्रकाश जास्त पडलाय. मग शटर.

फक्त १ सेकंद ते १/२५ या टप्प्यात दाट आणि वर ठीक: लेन्सच्या शटरमधली संथ स्पीडची चक्रं अडकतायत. हा सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत सोपा आजार. कानाशी धरून १ सेकंदावर सोडा. निरोगी शटर एकसारखं घुर्रर्र करतं आणि शेवटी स्वच्छ 'टक्' वाजतं. आजारी शटरचा सूर मध्येच बसतो, थबकतो, कधी तिथेच राहतो आणि बोटाने टिचकी मारल्यावर मिटतो. थंडीतल्या पहाटे अडकतं आणि दुपारी उन्हात सुरळीत चालतं, असंही होतं. गारव्यात ग्रीस आवळतं, दुसरं काही नाही.

संथ स्पीड ठीक, पण १/२०० आणि १/४०० ला दाट किंवा हललेलं: पात्यांवर तेल आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. पाती एकमेकांना चिकटून सुटायला उशीर लावतात.

निगेटिव्हच्या एका लांब कडेपासून दुसऱ्या कडेकडे दाटपणा बदलत जातो: मागचा पडदा. याची खात्री बंदरावरच्या फोटोवरून करू नका, आकाश तसंही दाटच असतं. सावलीतली एकरंगी भिंत काढा. भिंगातून प्रतिमा उलटी पडते आणि पडदा वरून खाली धावतो, म्हणून दृश्याचा खालचा भाग आधी आणि वरचा नंतर नोंदला जातो. भिंतीचा वरचा भाग जास्त दाट आला तर पडदा शेवटी शेवटी रेंगाळतोय.

निगेटिव्हवर काळे ठिपके, नेहमी त्याच जागी, कडा स्पष्ट: पडद्याला सुईच्या टोकाएवढी भोकं. पसरट धुरकट डाग: भात्याला, म्हणजे लेन्स आणि फिल्ममधल्या घडीच्या आवरणाला, भोक. पारदर्शक ठिपके म्हणजे होल्डरमधली धूळ, ब्रशने झटका आणि पुढे चला.

मोजायचं कसं

संथ स्पीडसाठी मोबाइल पुरतो. स्लो मोशन २४० फ्रेमवर ठेवा, लेन्सच्या मागे टॉर्च लावा, समोरून व्हिडिओ घ्या आणि उजेड किती फ्रेममध्ये दिसतो ते मोजा. १ सेकंदाला २४०, १/२ ला १२०, १/१० ला २४, १/२५ ला साधारण १०. त्यापलीकडे ही पद्धत निरुपयोगी. १/२५० ला जेमतेम एक फ्रेम मिळते.

वरच्या स्पीडसाठी माळ्यावरचा जुना डबा टीव्ही खाली काढा. भंगारवाल्याला दिला नसेल तर. आपल्याकडच्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर सेकंदाला ५० वेळा पडदा वरून खाली रंगवला जातो, म्हणजे एका फेरीला १/५० सेकंद. लेन्सबोर्ड, म्हणजे लेन्स बसवलेली फळी, कॅमेऱ्यातून काढा, पुढची-मागची भिंगं हाताने फिरवून अलगद बाजूला ठेवा आणि नुसतं शटर उरू द्या. खोलीत अंधार करा, टीव्हीवर नुसती पांढरी खरखर लावा. शटरच्या मागे मोबाइल टेकवा, त्याच्या प्रो मोडमध्ये एक सेकंदाचं एक्स्पोजर ठेवा. मोबाइलचं एक्स्पोजर चालू असताना शटर सोडा. फोटोत टीव्हीचा जेवढा पट्टा उजळलेला दिसेल तेवढा वेळ शटर उघडं होतं. १/१०० ला अर्धा पडदा, १/२५० ला पाचवा हिस्सा, १/४०० ला आठवा. १/२५० लावून पडद्याचे पाचात दोन हिस्से उजळले तर तुमचं शटर १/१२५ वर आहे. पट्ट्याच्या कडा मऊ असतात, त्यामुळे मधून मोजा. दोन-तीनदा करा, कारण आजारी शटर दर वेळी वेगळं वागतं आणि ते वेगळं वागणंच खरी अडचण असते. कायम १/१२५ देणारं शटर पूर्ण वापरण्याजोगं आहे. एकदा १/२०० आणि एकदा १/९० देणारं नाही.

टीव्ही नसेल तर मोबाइलच्या हेडफोनच्या छिद्रात लावायचे छोटे प्रकाशसेन्सर मिळतात. आवाजाची लहर दिसते, तिची रुंदी मोजायची.

१/२५० च्या जागी १/२०० आलं तर विसरून जा, तो तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) फिल्म पचवते. त्याहून जास्त फरक असेल तर एका चिठ्ठीवर खरे आकडे लिहून लेन्सबोर्डच्या आतल्या बाजूला चिकटवा. '४००: खरं २३०. २००: खरं १५०.' लाइट मीटर बघून झालं की डायल लावताना चिठ्ठीचे आकडे वापरायचे.

एक बारकावा. पात्यांचं शटर मधोमध उघडायला सुरुवात करतं आणि मधोमधच मिटतं. लेन्स पूर्ण उघडी असताना कडेच्या भागाला कमी वेळ मिळतो. एफ/१६ ला छिद्र लहान असतं, फक्त मधला भाग वापरात असतो, त्याला पूर्ण वेळ मिळतो. त्यामुळे १/४०० ला एफ/४.७ वर बरोबर आलेली निगेटिव्ह, हिशेब तोच ठेवून एफ/१६ वर किंचित दाट येते. आपल्या किनाऱ्यावर भर उन्हात सगळं काम लहान छिद्रावरच होतं, म्हणून हे इथे जास्त जाणवतं. हा बिघाड धरू नका.

आता लेन्स

बंदरावरचं उदाहरण घेऊ. ताशी १५ किलोमीटरने जाणारी बोट तुमच्यासमोरून ३० मीटरवर आडवी चालली आहे. सेकंदाला साधारण ४.२ मीटर. डायलवर १/२५०, खरं १/१२०: तेवढ्या वेळात बोट ३५ मिलिमीटर सरकते. ९० मिमी लेन्सने फिल्मवर ही सरक ०.१ मिमी पडते, १३५ ने ०.१६, २५४ मिमीच्या टेलीने (लांब पल्ल्याच्या लेन्सने) ०.३. चार बाय पाच इंची निगेटिव्हला ०.१ मिमीपर्यंतची पुसट कड डोळ्याला खपते. म्हणजे ९० च्या लेन्सने हे आजारी शटर निभावून जातं, १३५ ला आठ बाय दहाच्या प्रिंटवर मऊपणा दिसतो आणि टेलीने बोटीचं नाव वाचता येत नाही. शटर अगदी निरोगी, खरंखुरं १/२५० असतं तरी टेलीला ०.१४ मिमी सरक आलीच असती. तिला १/४०० हवंच.

म्हणून माझा सल्ला असा. तुमच्याकडच्या लेन्सपैकी जिचं शटर वरच्या स्पीडला सर्वांत खरं, ती लांब पल्ल्याची ठेवा. सर्वांत थकलेलं शटर ९० वर चालेल. उलटं करून बसलेले बरेच जण भेटतात: टेली स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली, तिचं शटर मेलेलं, आणि मग सगळा भार मागच्या पडद्यावर.

नेहमीच्या वापराला १२७ मिमीची कोडॅक एक्टार एफ/४.७ किंवा १३५ मिमीची ऑप्टार एफ/४.७. दोन्हींच्या शटरचा कळस १/४००. एक्टार चार बाय पाच जेमतेम व्यापते, लेन्स वर-खाली सरकवायला गेलात की कोपरे काळवंडतात. पण ऐन मध्यावरची तिची धार मला ऑप्टारपेक्षा आवडते. (एक्टारच्या नंबरातली पहिली दोन अक्षरं साल सांगतात. CAMEROSITY या शब्दातलं पहिलं अक्षर १, दुसरं २, असं शेवटचं शून्यापर्यंत मोजायचं. EO म्हणजे १९४६. विकणारा 'पन्नास सालची' म्हणाला तर तपासून घ्या.)

९० मिमी स्पीड ग्राफिकवर लावताना समोरची पाटी खाली पाडावी लागते, नाहीतर ती फोटोत येते. रेंजफाइंडर (अंतर जुळवून फोकस सांगणारा भाग) बहुधा एकाच लेन्सला जुळवलेला असतो, त्यामुळे ९० ला तो चुकीचं सांगणार. पण त्याची गरजही नाही. एफ/११ वर ९० ची लेन्स साडेसात मीटरला लावून ठेवली की पावणेचार मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालतं. १३५ ला तोच आकडा साडेसोळा मीटर, आणि मग सव्वाआठ मीटरच्या पुढचं सगळं. २५४ च्या टेलीला मात्र जवळजवळ ५९ मीटर येतो, म्हणजे जवळच्या कामाला ग्राउंड ग्लासवर, म्हणजे मागच्या दुधी काचेवर, बघूनच फोकस करायचा.

हर्णैला ओहोटीच्या वेळी बैलगाड्या होड्यांपर्यंत पाण्यात जातात. गाडी स्वतः संथ, तिला १/१०० पुरे. चाकाच्या आऱ्यांवरून उडणारं पाणी थेंब थेंब दिसायला हवं असेल तर १/४०० लागेल. १०० आयएसओची फिल्म, भर ऊन: १/१०० ला एफ/१६, १/२०० ला एफ/११, १/४०० ला एफ/८. ओल्या वाळूची चकाकी आणि फेस असेल तर एक स्टॉप आणखी बंद करा. ४०० ची फिल्म आपल्याकडच्या दुपारी उगाच अडचण करते: १/४०० ला एफ/१६ वर गेलात आणि शटर खरं १/२०० असेल तर निगेटिव्ह दुप्पट प्रकाश खाणार. उन्हातल्या कामाला १०० ची घ्या, ४०० ची पहाटेच्या लिलावाला राखा.

मागचा पडदा वापरायचा की नाही

पडद्याचा मोह १/१००० चा असतो. तो आकडा नीट समजून घ्या. जुन्या, पेसमेकर या नंतरच्या मॉडेलच्या आधीच्या स्पीड ग्राफिकमध्ये १/१००० ला एक अष्टमांश इंचाची फट फिल्मवरून धावते. प्रत्येक जागेला १/१००० सेकंद मिळतो हे खरं, पण पूर्ण फिल्म ओलांडायला त्या फटीला साधारण १/३० सेकंद लागतो. तेवढ्यात ताशी ६० ने जाणारी एसटी अर्धा मीटर पुढे गेलेली असते. चाकं आधी नोंदली गेली, टप नंतर. म्हणून एसटी पुढे झुकलेली येते. होडीला हे फारसं जाणवत नाही, तिचा वेग कमी.

दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा बेटावर अमेरिकी सैनिक झेंडा रोवतायत तो प्रसिद्ध फोटो, फेब्रुवारी १९४५ चा, स्पीड ग्राफिकवर १/४०० ला काढलेला. तेव्हा १/१००० नाही म्हणून हळहळू नका.

पडद्याची खरी जागा म्हणजे शटर नसलेल्या लेन्स, उदाहरणार्थ विमानातून फोटो काढायच्या एरो-एक्टारसारख्या. एरवी पावसाळ्यानंतर पडदा आधी तपासा: अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावून भोकं बघा, स्प्रिंगच्या सगळ्या टेन्शनवर (ताणाच्या पायऱ्यांवर) रिकामा चालवा. बारीक भोकांना काळा फॅब्रिक पेंट अगदी पातळ, सुईच्या टोकाने. जाड थर दिलात तर रुळावर गुंडाळताना पडदा अडतो आणि भोकापेक्षा मोठं दुखणं होतं. कापड कडक होऊन तडकलं असेल तर रंग लावून उपयोग नाही, पडदाच बदलावा लागतो. फ्लॅश वापरणार असाल तर पडदा विसरा. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला त्याची नुसती एक पट्टी उजळते. लेन्सच्या शटरवर, 'एक्स' सिंकवर (इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठीच्या खुणेवर) या.

साफसफाई

शिलाई मशीनचं तेल नको. स्प्रे नको. खोबरेल तर चुकूनही नको. २४ अंशांच्या खाली ते थिजतं, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे तुमचं शटर थिजणार. पाती आणि छिद्राची पानं कोरडी असली पाहिजेत, तेलाचा अंशही नको.

लायटरमध्ये भरायचं फ्लुइड घ्या. खिडक्या उघड्या, जवळ गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको. दोन्ही बाजूंची भिंगं काढून ठेवलेली हवीत, नाहीतर विरघळलेलं ग्रीस काचेवर जाऊन बसतं. शटर मिटलेलं ठेवून कापसाच्या काडीने पात्यांवर फ्लुइड लावा, शटर सोडा, काडीवर आलेला तपकिरी डाग बघा, नवी काडी घ्या. डाग येईनासा होईपर्यंत. मग कोरडं होऊ द्या. ओलं असताना शटर छान चालल्यासारखं वाटतं, वाळल्यावर पुन्हा अडकतं. म्हणून निकाल दुसऱ्या दिवशी बघा.

संथ स्पीडच्या चक्रांसाठी पुढचं झाकण काढावं लागतं. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा, स्क्रू ताटलीत क्रमाने ठेवा. चक्रांवर फ्लुइडचा एक-एक थेंब, १ सेकंदावर सोडत राहा, सूर एकसारखा लागेपर्यंत. तेल लागलंच तर घड्याळाचं, सुईच्या टोकावर मावेल तेवढं, फक्त चक्रांच्या धुऱ्यांवर. जुन्या कॉम्पूर जातीच्या शटरला सर्वांत वरचा स्पीड कॉक करण्याआधीच, म्हणजे स्प्रिंग ताणून शटर सज्ज करण्याआधीच, लावायचा असतो. कॉक केल्यावर जोर करून तिकडे नेलात की आतलं मोडतं.

स्वच्छ करून पुन्हा टीव्हीसमोर बसा. संथ स्पीड बहुतेक परत येतात. १/४०० क्वचित परत येतं, कारण स्प्रिंग म्हातारी झालेली असते. ते १/२५० वर स्थिर राहिलं तर चिठ्ठीवर लिहा आणि कामाला लागा. स्प्रिंग ओढून ताणण्याच्या फंदात पडू नका.

पुढच्या जूनआधी

कॅमेरा आणि लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि बुरशी आधी तिथे येते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत. तांदूळ घालायची पद्धत आहे आपल्याकडे, पण त्याची पूड शटरमध्ये जाते. घालायचेच तर पुरचुंडीत. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. शटर कॉक करून ठेवू नका, पडद्याचं टेन्शन उतरवून ठेवा. आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा डबा उघडून प्रत्येक स्पीडवर चार-सहा वेळा सोडा. कोरडा, उघडीपीचा दिवस बघा.

शटर टिचकी मारूनही मिटत नाही, कॉक करताना दाते घसरल्यासारखे वाटतात, किंवा पात्याला चक्क वाक आलाय, तर घरी काही करू नका. जाणकाराकडे पाठवताना लेन्सबोर्डसकट शटर वेगळं, कॉक न केलेलं, भिंगं स्वतंत्र गुंडाळून पाठवा, आणि सोबत मोजलेल्या आकड्यांची चिठ्ठी द्या. 'स्लो चालतंय' एवढंच सांगितलं तर तो १ सेकंद नीट करून परत पाठवेल आणि तुमची अडचण १/२०० ला असेल.